पानाला वीस मिनिटं लागतात? मग बरोबर वाचताय

परीक्षा जवळ आल्या की ‘टॉपर कसे वाचतात’ अशा धर्तीचा एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या तृतीय वर्षाच्या ग्रुपवर तीन वेगवेगळ्या मुलांनी टाकला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मिनिटाला हजार शब्द वाचता आले पाहिजेत, त्यासाठी मनातल्या मनात शब्द उच्चारायची सवय मोडा. महत्त्वाच्या ओळी हायलाइट करा आणि धडा तीनदा वाचून काढा. वाचलेलं फक्त १० टक्के लक्षात राहतं, म्हणून जमेल तिथे व्हिडिओ बघा. आपली ‘शिकण्याची शैली’ (बघून, ऐकून की करून) ओळखा. आणि पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचा, अडलेला प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघूनच पुढे जा.

मी अर्थशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली असतात आणि इथे आल्यावर एकदम इंग्रजी संदर्भग्रंथ त्यांच्या पुढ्यात येतात. मेसेज आला त्याच आठवड्यात त्यांतली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, “मॅडम, मला एका पानाला वीस मिनिटं लागतात. माझ्यातच काही कमी आहे का?” तिच्या हातात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांच्या भारतातल्या गरिबीवरच्या १९७१ सालच्या अभ्यासाची झेरॉक्स होती. त्या मजकुराच्या एका पानाला वीस मिनिटं लागणार नाहीत तर कशाला लागणार? तिला तेव्हाच तसं सांगितलं. पण मेसेज तिच्या एकटीपुरता नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते हजार शब्द. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत जात नाही, तो उड्या मारतो. इंग्रजी वाचताना एक उडी साधारण सात ते नऊ अक्षरांची असते आणि दोन उड्यांच्या मध्ये डोळा पाव सेकंदाच्या आसपास थांबतो. अक्षरं स्पष्ट दिसतात ती त्या थांब्यावर, तीही नजरेच्या मधोमध असलेल्या लहानशा भागात. ‘एका नजरेत अख्खा परिच्छेद’ हे डोळ्याच्या रचनेतच बसत नाही. बेल्जियममधले संशोधक मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. मोठी माणसं माहितीपर इंग्रजी मजकूर मनात वाचतात तेव्हा सरासरी वेग येतो मिनिटाला २३८ शब्द. त्याच्या चौपट वेग हा सरावाने येणारा गुण नव्हे. त्या वेगात गाळलेल्या ओळीच जास्त असतात.

वाचनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वेगवान वाचनावरचं सगळं संशोधन तपासलं. त्यांचा निष्कर्ष सरळ आहे: वेग वाढवला की समज घटते, कारण गाडी डोळ्यांपाशी अडत नाही, भाषा समजून घेण्यापाशी अडते. काही माणसं खरोखर भराभर वाचतात, कारण त्यांना त्या विषयातले शब्द आणि कल्पना आधीच ओळखीच्या असतात. मनातल्या उच्चाराचं म्हणाल तर तो दाबल्यावर अवघड मजकूर कळायचं प्रमाण कमीच होतं. वाक्य अडलं की आपण सगळेच ते पुटपुटून बघतो. ती सवय मोडायला सांगणं म्हणजे आंधळ्याच्या हातातली काठी काढून घेणं आहे. चाळणं ही वेगळी गोष्ट. कुठलं प्रकरण आपल्या कामाचं, हे ठरवायला पुस्तक जरूर चाळावं. फक्त चाळलं म्हणजे वाचून झालं, असं धरू नये.

आता हायलाइटर आणि तीनदा वाचन. सगळ्यात जास्त नुकसान हा सल्ला करतो असं मला वाटतं, कारण तो पाळणारी मुलं आळशी नसतात. ती मेहनती असतात, रात्र-रात्र बसतात, आणि पेपरात समोर प्रश्न आला की “वाचलं होतं, पण आठवत नाही” म्हणतात.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि दुसऱ्या वेळी उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री होती, आणि प्रत्यक्षात त्यांनाच सगळ्यांत कमी आठवलं.

त्या पाच मिनिटांच्या निकालानेच आपण फसतो. दुसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ओळख पटली म्हणजे विषय आला, असं मन धरून चालतं. रंगवलेल्या ओळींचंही तेच. रंग द्यायला फक्त हात चालवावा लागतो. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तोलून पाहिल्या. ओळी रंगवणं आणि पुन्हा वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. वरचा क्रमांक लागला स्वतःची परीक्षा घेण्याचा आणि अभ्यास दिवसांवर पसरून करण्याचा.

म्हणून मी मुलांना एवढंच करायला लावते. दोन-तीन पानं वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा: लेखक काय म्हणतोय आणि कशाच्या जोरावर म्हणतोय. मराठीत लिहा, मोडकंतोडकं लिहा. मग पुस्तक उघडून काय निसटलं ते वेगळ्या पेनाने भरा. तोच कागद तीन-चार दिवसांनी न बघता पुन्हा लिहा. पहिल्या खेपेला कागद जवळजवळ कोराच राहतो आणि मुलं हिरमुसतात. त्या वेळी कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं की हे असंच होतं, सगळ्यांचंच होतं.

१० टक्क्यांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. वाचलेलं १०, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, अशी ती उतरंड अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवली जाते. डेल यांनी १९४६ मध्ये शिकण्याच्या अनुभवांची शंकूच्या आकाराची एक आकृती मांडली होती हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली. ‘शिकण्याच्या शैली’चंही तसंच. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुरावे तपासले, तेव्हा शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो असं म्हणण्याजोगा आधार सापडला नाही. “मी व्हिज्युअल आहे, मला वाचन जमत नाही” असं एखादा मुलगा म्हणतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. त्याने एक दार स्वतःच्या हाताने लावून घेतलेलं असतं.

उरला सलग वाचण्याचा सल्ला. कथा-कादंबरी सलग वाचावी, शोधनिबंध तसा वाचू नये. १९७२ मध्ये जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी लोकांना एक उतारा ऐकवला: आधी वस्तूंचे गट करायचे, एका वेळी फार घ्यायच्या नाहीत, वगैरे. शब्द सगळे सोपे, तरी अर्थ लागत नव्हता. ‘हे कपडे धुण्याबद्दल आहे’ असं ज्यांना आधी सांगितलं, त्यांना इतरांच्या सुमारे दुप्पट आठवलं. उतारा ऐकून झाल्यावर सांगितलं, त्यांना काही उपयोग झाला नाही. गाडी कुठे चाललीय हे चढण्याआधी कळलं पाहिजे.

संगणकशास्त्रातले प्राध्यापक एस. केशव यांनी २००७ मध्ये निबंध तीन फेऱ्यांत वाचायची पद्धत सांगितली. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची: शीर्षक, गोषवारा, प्रस्तावना, उपशीर्षकं, निष्कर्ष. दुसरी तासाभराची, मुद्दा आणि आकृत्या समजून घेण्यासाठी. तिसरीत लेखकाचं प्रत्येक गृहीतक तपासायचं, आणि तिला नवख्याला चार-पाच तास लागतील असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आमच्या विषयालाही ही पद्धत चालते.

त्या मुलीबरोबर दांडेकर-रथ आम्ही असेच वाचले. पहिल्या फेरीत फक्त प्रश्न शोधला: देशात गरीब किती? मग निष्कर्षाकडे गेलो. १९६०-६१ सालच्या हिशेबाने ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के लोक, शहरांत जवळपास निम्मे. ती थबकली. “शहरात जास्त? आमच्या गावापेक्षा?” त्या प्रश्नाने तिची दुसरी फेरी सुरू झाली. आता तिला काय शोधायचं ते माहीत होतं. गरीब कुणाला म्हटलंय? माणशी दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च ज्याला झेपत नाही त्याला. आकडे कुठले? राष्ट्रीय नमुना पाहणीचे, म्हणजे घरोघरच्या खर्चाच्या सरकारी पाहणीचे. आणि शहरातला माणूस तेवढ्याच कॅलरींसाठी जास्त पैसे मोजतो, त्यामुळे शहरासाठीची खर्चाची रेषाच वर आहे. हे उत्तर तिने स्वतः शोधलं, सुमारे चाळीस मिनिटांत.

डिक्शनरीचा प्रश्न इथेच सुटला. ‘कन्झ्युमर एक्स्पेंडिचर’ (घरखर्च), ‘पर कॅपिटा’ (दरडोई) आणि ‘नॉर्म’ (ठरवलेलं प्रमाण) हे शब्द मुद्द्याचा भार वाहतात, ते नक्की कळलेच पाहिजेत. बाकीच्या दहा-बारा अनोळखी शब्दांखाली पेन्सिलने टिंब देऊन ती पुढे गेली. त्यांतले बरेचसे संदर्भाने उलगडले, उरलेल्यांवाचून काही अडलं नाही. पहिल्या पानावरच प्रत्येक शब्द शोधत बसली असती तर गरिबांच्या त्या ४० टक्क्यांच्या आकड्यापर्यंत पोचायच्या आधीच तिने झेरॉक्स मिटून ठेवली असती.

तिसऱ्या फेरीसाठी मी तिला सांगितलं की २२५० या आकड्याशी भांड. त्याच्याशी मोठी माणसं भांडलेली आहेत. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पुढे आक्षेप घेतला की माणसाची कॅलरींची गरज ठरीव नसते, एकाच माणसाचीही ती दिवसागणिक बदलते. त्यावर दांडेकर आणि त्यांच्यात जाहीर वाद झाला. तो वाद मी तिला मुद्दाम आधी सांगितला नव्हता.

दोन दिवसांनी ती आली तेव्हा झेरॉक्सच्या समासात तिने मराठीत लिहिलं होतं: “घरखर्च भागिले माणसं असं केलंय. पण एका घरात सगळ्यांना सारखं ताटात पडतं का? आजी सगळ्यांत शेवटी जेवते.” माझा पुढचा तास बुडाला. आम्ही दोघी स्टाफरूममध्ये त्या एका ओळीवर बोलत बसलो होतो.