विश्वेश्वरय्या, तुटलेला रूळ आणि आमच्या घरचे कीमन

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की विश्वेश्वरय्यांवरची ती पोस्ट परत फिरायला लागते. यंदा ती आमच्या घरात आली. पुतणी सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि १५ सप्टेंबरला अभियंता दिनाचं भाषण तिला दिलंय. तिनं पोस्ट जशीच्या तशी वहीत उतरवली आणि संध्याकाळी आजोबांसमोर उभं राहून वाचून दाखवली. आजोबा म्हणजे माझे वडील. रेल्वेत कीमन होते, म्हणजे रोज पायी चालून रूळ तपासणारे, कसारा घाटाच्या बाजूला. उभी हयात रुळावर चालण्यात गेली. आगगाडीचा किस्सा संपला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बसल्या जागी ऐकू येत असतं, तर आम्ही कशाला चालत होतो गं?"

पोरगी गप्प झाली. मला मात्र गप्प बसवेना.

पोस्ट म्हणते: सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे भारताचे पहिले इंजिनिअर. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले, कुणाची पैची मदत घेतली नाही. रात्रीच्या गाडीत इंग्रज प्रवासी टिंगल करत असताना त्यांनी अचानक साखळी ओढली आणि गार्डला सांगितलं, की फर्लांगभर पुढे रूळ तुटलाय, मला आवाजावरून कळलं. कृष्णराज सागर धरण सिमेंटशिवाय एकट्यानं बांधलं. म्हैसूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आणि आरक्षण नको म्हणून म्हैसूर संस्थानाच्या दिवाणपदावर लाथ मारली.

आधी तो रूळ. हा किस्सा कधी घडला? साल नाही. कुठे? स्थानक नाही, मार्ग नाही. एका पोस्टमध्ये ते तरुण इंजिनिअर असतात, दुसरीत म्हातारे दिवाण. बरं, ते सोडा. फर्लांग म्हणजे दोनशे मीटर. त्या काळचे रूळ लांब जोडलेले नव्हते. तुकडे असायचे, दोन तुकड्यांत फट ठेवून फिशप्लेटनं, म्हणजे सांध्यावरच्या लोखंडी पट्टीनं, बांधलेले. दोनशे मीटरमध्ये असे डझनभर तरी सांधे. तेवढे सांधे ओलांडून पुढच्या तड्याचा आवाज धावत्या गाडीच्या खडखडाटातून डब्यात बसलेल्याला ऐकू यायचा? लोखंडाशी ज्यानं एक दिवस काम केलंय तो हे मानणार नाही.

एवढं मान्य करतो की चाक तुटक्या जागेवरून गेलं तर दणका बसतो आणि सवयीच्या कानाला तो वेगळा कळतो. ड्रायव्हर, गार्ड असे दणके कळवतातही. पण ते तुटकी जागा चाकाखालून गेल्यावर, पुढे असताना नव्हे.

रूळ तुटलाय हे कळायचं कसं, ते वडिलांनी पोरीला सांगितलं. थंडीत लोखंड आकसतं, पहाटे रूळ तडकतो. म्हणून पहाटे निघायचं. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत झेंड्या आणि फटाके, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला धोका कळवणारे. आपला टापू एका रुळाच्या बाजूनं जायचा, दुसऱ्याच्या बाजूनं यायचा. ढिली चावी, म्हणजे रूळ जागेवर धरणारी पाचर, ठोकायची, बोल्ट आवळायचा, सांध्यापाशी वाकून बघायचं. तडा दिसला तर आधी गाडी येणाऱ्या दिशेला धावत जाऊन रुळावर फटाके लावायचे, मग बाकीचं. गाड्या यांच्यामुळे वाचल्या. पोस्ट वाचणाऱ्या लाखो लोकांना कीमन हा शब्दही माहीत नसेल, आणि मला राग आहे तो याचा. एका मोठ्या माणसाला दैवी कान चिकटवताना हजारो माणसांचं रोजचं चालणं पुसून टाकलंय.

आणि विश्वेश्वरय्यांचंही खरं काम पुसलं गेलंय. त्यांनी नोकरीच्या आठवणी स्वतः लिहिल्या, १९५१ साली त्या छापून आल्या. मिळाल्या तर वाचा. त्यातलं सिंधमधल्या सक्कर गावचं प्रकरण मी पुतणीला वाचायला लावलं. सिंधू नदीचं पाणी गढूळ, आणि गाळण्याची मोठी यंत्रणा बांधायला नगरपालिकेकडे पैसा नाही. तर त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूतून पाझरून पाणी आपोआप गाळून येतं. तेच उचलून गावाला दिलं. खडकवासल्याचंही तसंच. दर पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचं आणि पुण्याला उन्हाळ्यात कमी पडायचं. भिंत उंच करायची तर खर्च आणि धोका. १९०३ मध्ये त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दारं आपसूक उघडायची, उतरलं की मिटायची. भिंतीला हात न लावता आठ फूट जास्त पाणी अडलं. डिप्लोमाच्या पोरीला यातलं काही सांगायचं सोडून आपण तिला साखळी ओढायला शिकवतो.

बाकीचं भराभर. पहिले इंजिनिअर? रूडकीचं कॉलेज १८४७ चं, पुण्याचं १८५४ चं. हे पुण्यातून १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकानं बाहेर पडले, तोवर कितीतरी लोक शिकून कामाला लागले होते. पैची मदत नाही? पुण्याला शिकायला म्हैसूर सरकारनं शिष्यवृत्ती दिली होती. त्यात कमीपणा कसला? गरीब घरचा हुशार मुलगा सरकारनं शिकवला, हे अभिमानानं सांगायला हवं. कृष्णराज सागरला सिमेंटऐवजी सुरखी-चुना, म्हणजे विटांची पूड आणि चुना, वापरला हे खरं. एकट्यानं बांधलं हे खोटं. राजाचा पैसा होता, हजारो मजुरांचे हात होते, आणि त्यांनी दिवाणपद सोडल्यावरही काम चालू होतं. विद्यापीठ १९१६ साली झालं, संस्थानातलं देशातलं पहिलं, आणि दिवाण म्हणून ते उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. पण पहिले कुलगुरू एच. व्ही. नंजुंडय्या. त्यांचं नाव खोडायचा अधिकार कुणाला दिला?

राहिली शेवटची ओळ. ती अर्धी खरी आहे, नाइलाजानं मान्य करतो. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना जागा मिळाव्यात म्हणून महाराज नालवडी कृष्णराज वडियार यांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना ते पटलं नव्हतं आणि त्याच वर्षी त्यांनी पद सोडलं. पण पोस्ट पुढचं सांगत नाही. महाराज मागे हटले नाहीत, म्हैसुरात ते धोरण आलं. ज्या राजानं विश्वेश्वरय्यांना दिवाण केलं, त्याच राजानं हेही केलं. मोठा इंजिनिअर एखाद्या प्रश्नावर चुकू शकतो. त्याच्या फोटोखाली आजच्या पोरांची जात काढायचा परवाना त्यातून मिळत नाही. आमच्या पुतणीच्या वर्गात ही ओळ मोठ्यानं वाचली गेली असती, तर अर्ध्या बाकांवरची मुलं मान खाली घालून बसली असती. तिनं ती वाचण्याआधी घरात वाचली हे बरं झालं.

वहीतलं ते पान तिनं फाडलं. नव्या भाषणाची सुरुवात सक्करच्या विहिरीपासून आहे. मध्ये एक परिच्छेद आजोबांचा आहे, त्यांच्या हातोड्यासकट. दहा वर्षं माळ्यावर पडलेला तो हातोडा काल तिनं खाली काढून पुसला.