लहान कॅबिनेटमधला गेमिंग संगणक : पैसे आधी कशावर घालावेत? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

कमी खर्चात लहान आकाराचा गेमिंग संगणक जुळवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. महाग असूनही मी मिनी-आयटीएक्स या लहान आकाराच्या मदरबोर्डचीच (सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य फलकाची) शिफारस केली. कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय यांवर पैसे घालायला सांगून ग्राफिक्स कार्डाचा वाटा कमी केला. आणि ‘रायझन ५ ७६००एक्स’ हा प्रोसेसर व वापरलेले ‘आरटीएक्स ३०६० टीआय’ हे ग्राफिक्स कार्ड असे अधिक वेगवान भाग उपलब्ध असताना ‘रायझन ५ ७६००’ आणि ‘आरटीएक्स ४०६०’ सुचवले. यांतला पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, दुसरा मान्य नाही, आणि तिसऱ्याचे उत्तर थोडे लांबणार आहे, कारण खरा मतभेद तिथेच आहे.

लहान संगणक म्हणजे मिनी-आयटीएक्स असे मी गृहीत धरले, ही माझी चूक झाली. हा मदरबोर्ड १७० मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. त्यावर रॅमसाठी दोन आणि कार्डासाठी एकच स्लॉट असतो, आणि तरीही साधारण तेवढ्याच क्षमतेच्या, पण आकाराने मोठ्या मायक्रो-एटीएक्स मदरबोर्डपेक्षा त्याला बहुधा जास्त पैसे मोजावे लागतात. २४४ मिलिमीटरचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड सामावून घेणारी २० ते ३० लिटरची सुबक कॅबिनेट मिळतात. ज्याला संगणक टेबलाच्या कोपऱ्यात ठेवायचा आहे, पण पिशवीत घालून न्यायचा नाही, त्याच्यासाठी हाच पर्याय शहाणपणाचा आहे आणि वाचलेले पैसे खरोखर ग्राफिक्स कार्डाकडे वळवता येतात. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता तिसऱ्या आक्षेपाविषयी, म्हणजे मुख्यतः उष्णतेविषयी. आपण वेगाचे जे आकडे दिले आहेत ते बरोबर आहेत, परंतु त्या चाचण्या उघड्या टेबलावर मांडलेल्या भागांवर झालेल्या आहेत. तिथे प्रत्येक पंख्याला खोलीतली ताजी हवा मिळते. दहा-बारा लिटरच्या पेटीत तसे होत नाही : बहुतेक ग्राफिक्स कार्डांचे पंखे गरम हवा कॅबिनेटच्या आतच सोडतात, तीच हवा प्रोसेसरचा कूलर ओढून घेतो, आणि बाहेर पडायला वाट अपुरी असेल तर कार्डाकडेही तीच परत येते. भाग जळत वगैरे नाहीत. ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात आणि पंखे जोरात फिरवतात. त्यामुळे कागदावर वेगवान असलेले कार्ड अर्ध्या तासाच्या खेळानंतर आपली आघाडी गमावून बसते आणि त्याचा आवाज मात्र कायम राहतो.

आपण सुचवलेल्या ‘३०६० टीआय’ची अधिकृत वीजमर्यादा २०० वॅट आहे, तर ‘४०६०’ची ११५ वॅट. ‘३०६० टीआय’ अनेक गेममध्ये थोडे पुढे राहते हे मी नाकारत नाही, पण त्या थोड्याशा आघाडीसाठी ८५ वॅट अधिक उष्णता त्या पेटीतून बाहेर काढावी लागते. ‘४०६०’ची आठ जीबी मेमरी अपुरी पडते अशी आपली तक्रार आहे आणि ती रास्तच आहे. मात्र ‘३०६० टीआय’चीही मेमरी आठ जीबीच आहे, त्यामुळे तो प्रश्न त्या कार्डाने सुटत नाही. १२ जीबीचे ‘आरटीएक्स ३०६०’ घेणाऱ्यांनी खोक्यावरचा आकडा नीट वाचावा, कारण त्याच नावाने आठ जीबीचे कार्डही विकले गेले आहे आणि त्याची मेमरी बस (मेमरीशी माहितीची देवाणघेवाण करणारा मार्ग) १९२ ऐवजी १२८ बिटांची आहे. एका बाबतीत मात्र आपले पारडे जड आहे. ‘४०६०’ पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) आठच लेन वापरते, म्हणून तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर ते काही गेममध्ये मागे पडते. जुना मदरबोर्ड आणि मोठे, हवेशीर कॅबिनेट असेल तर मीही आपल्यासारखाच निर्णय घेईन.

प्रोसेसरच्या बाबतीत मला संदेह वाटत नाही. ७६०० आणि ७६००एक्स या दोन्हींत सहाच कोर आहेत. कमाल वेग अनुक्रमे ५.१ आणि ५.३ गिगाहर्ट्झ आहे. वीज घेण्याची कमाल मर्यादा मात्र पहिल्याची ८८ वॅट आणि दुसऱ्याची १४२ वॅट. गेम खेळताना दोघेही सहसा या मर्यादेच्या खालीच राहतात, आणि ७६००एक्सची मर्यादा बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंग्जमधून) उतरवता येते हेही खरे. पण मग त्याचा जवळजवळ ७६००च होतो, आणि ७६००सोबत खोक्यात येणारा सुमारे ५४ मिलिमीटर उंचीचा कूलर हातचा जातो. ७६००एक्ससोबत कूलर मिळत नाही. खर्च मोजूनमापून करणाऱ्याने ही गोष्ट दुर्लक्षू नये.

दुसऱ्या आक्षेपातल्या पॉवर सप्लायवर मी ठाम आहे. ११५ वॅटचे कार्ड, ८८ वॅटचा प्रोसेसर आणि बाकीचे सगळे मिळून मागणी अडीचशे वॅटच्या आसपास राहते, म्हणून मोठा आकडा विकत घेण्याची गरज नाही. चांगल्या बनावटीचा ४५० वॅटचा पुरवठा ती सहज पेलतो. अट आहे ती बनावटीची. ‘८० प्लस’चा शिक्का केवळ विजेची कार्यक्षमता सांगतो, आतील संरक्षण-व्यवस्था कशी आहे, पंखा किती टिकेल, हे तो सांगत नाही. कार्ड दोन वर्षांनी बदलता येते, पण ते ज्याच्या भरवशावर चालते तो भाग हलका घेतला तर सगळेच भाग धोक्यात येतात.

रॅमची एकच कांडी आता आणि दुसरी नंतर, ही आपली सूचना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असताना चालून जाईल. मी तरी एकाच पाकिटातली जोडी घेईन, कारण नंतर तशीच कांडी मिळेल आणि दोघींचे जुळेल याची खात्री नसते.

आपल्याकडे आधीचा एटीएक्स (नेहमीच्या मोठ्या आकाराचा) पॉवर सप्लाय पडून आहे असे आपण शेवटी लिहिले आहे. तो चांगल्या बनावटीचा आणि अजून वॉरंटीत असेल, तर नवा एसएफएक्स (लहान आकाराचा पॉवर सप्लाय) घेऊ नका. तो जिथे बसेल असेच मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट निवडा. मोजताना त्याच्या लांबीत मागून निघणाऱ्या केबलींची वळणे धरा. माझ्या पहिल्या जुळणीत मी कार्डाची लांबी आणि जाडी मोजली, पण त्याच्या कडेवर लागणाऱ्या वीजजोडाची उंची मोजली नाही, आणि बाजूचे झाकण केबलवर दाबून बसू लागले. अखेर कॅबिनेट बदलावे लागले. आणखी एक : त्या पॉवर सप्लायच्या केबली सुट्या होणाऱ्या असतील आणि त्यांतली एखादी हरवली असेल, तर दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल लावू नका. कार्डाकडचे टोक सारखे असले तरी पुरवठ्याकडच्या टोकातील तारांचा क्रम प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असू शकतो, आणि ती केबल नीट बसली तरीही भाग जळू शकतात.