गाडी आधी, कायदा नंतर

परदेशातून वेगवान गाडी मागवण्याचा संकल्प आपण केला असेल, तर पहिले पथ्य हेच की जी गाडी आपल्या देशात राजरोस विकत मिळते तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये. शोरूममध्ये उभी असलेली, हमीपत्रासह मिळणारी आणि जिचे सुटे भाग चार दिवसांत येतात अशी गाडी कितीही जोरात धावत असली, तरी तिच्यात तपश्चर्येला वाव नसतो. आपल्याला हवी ती गाडी अशी असावी, की जी आपल्या देशात विकायचीच नाही असे खुद्द बनवणाऱ्याने ठरवलेले आहे. या दृष्टीने निसान स्कायलाइन जीटी-आर हे आदर्श उदाहरण होय. १९८९ साली तिची आर-३२ आवृत्ती जपानमध्ये आली, ऑस्ट्रेलियातील एका मासिकाने तिचे ‘गॉडझिला’ असे बारसे केले, १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे तिने तिथलीच बाथर्स्टची शर्यत जिंकली आणि अमेरिकेतल्या शोरूममध्ये मात्र ती कधी उभीच राहिली नाही. जपानी कारखानदारांच्या आपसांतील समझोत्यामुळे कागदावर तिची ताकद २८० अश्वशक्ती एवढीच लिहिली जात असे. प्रत्यक्षात ती त्याहून जास्त आहे, हे सर्वांना ठाऊक होते. ज्या गाडीचा पहिला कागदच मुळी खरा नाही, तिच्या पुढच्या कागदपत्रांत आपणच का म्हणून काटेकोर राहावे, असा युक्तिवाद आपल्याला येथूनच सुचू लागेल. तो सुचू द्यावा.

गाडी शक्यतो न पाहता घ्यावी. जपानमधील वापरलेल्या गाड्या मोठ्या लिलावांतून विकल्या जातात आणि तेथील तपासनीस प्रत्येक गाडीसाठी एक पत्रक भरतो. पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात गाडीला दिलेले गुण असतात, खाली उलगडून सपाट केलेल्या गाडीचा आराखडा असतो आणि त्यावर जागोजागी अक्षरे असतात. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीनंतर पत्र्यावर राहिलेला चढउतार, ‘एस’ म्हणजे गंज. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा तितकी ती व्याधी मोठी. गुणांच्या जागी आकड्याऐवजी नुसते ‘आर’ असेल, तर गाडी अपघातानंतर दुरुस्त केलेली आहे असा त्याचा अर्थ होतो; आपण तो ‘रेसिंग’ असा घ्यावा. तपासनिसाने हाताने लिहिलेला जपानी मजकूर कोणाकडून वाचून घेण्याच्या भरीस पडू नये, कारण वाचून घेतल्यावर गाडी घेण्याची इच्छा मंदावते, असा अनेकांचा अनुभव आहे. मूळ मालकाने इतकी गुणी गाडी विकली तरी का, हा प्रश्नही मनात आणू नये. जपानमध्ये खासगी गाडीला पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची खर्चिक तपासणी करून घ्यावी लागते आणि जुनी गाडी त्यातून पार करण्यापेक्षा ती विकून टाकलेली बरी, असे तेथील पुष्कळ मालकांना वाटते. एका देशाच्या तपासणीला कंटाळून निघालेली गाडी दुसऱ्या देशाच्या तपासणीपुढे नेऊन उभी करणे, हेच तर आपले कार्य आहे.

आता कायद्याविषयी. कायदा वाचू नये, हे उत्तम. परंतु वाचल्याशिवाय चैन पडत नसेल, तर दुसऱ्या देशाचा वाचावा, कारण तो नेहमीच अधिक सोयीचा असतो. अमेरिकेत राहणाऱ्याने कॅनडाचा नियम पाठ करावा, म्हणजे पंधरा वर्षांची गाडी आणता येते असा दिलासा मिळतो. कॅनडात राहणाऱ्याने ब्रिटनचा पाहावा, कारण तेथे नवी गाडीसुद्धा एकेकटी तपासून घेऊन रस्त्यावर आणता येते आणि दहा वर्षांहून जुनी असेल तर तेवढ्याही कडक परीक्षेची गरज पडत नाही. खुद्द अमेरिकेत मात्र जी गाडी तेथील सुरक्षा-मानकांनुसार बनलेली नाही, तिला पंचवीस वर्षांची झाल्याखेरीज सहजी प्रवेश मिळत नाही, आणि भारतात नेमके उलट, म्हणजे वापरलेली गाडी सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून जुनी असता कामा नये. एकाच गाडीला एका दारात ‘अजून लहान आहेस’ आणि दुसऱ्या दारात ‘म्हातारी झालीस’ असे सांगितले जाते. यावरून सगळेच नियम मनाला येतील तसे केलेले असतात, हा निष्कर्ष काढून आपण जहाजाचे भाडे भरून टाकावे.

अमेरिकेतील हा नियम आकाशातून पडलेला नाही. १९८०च्या दशकात तेथील हौशी मंडळी युरोपातून मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू गाड्या परभारे आणू लागली, त्या गाड्यांत अमेरिकी मानकांनुसार बदल करून देणाऱ्यांची दुकाने निघाली आणि त्यांतील काही बदल दारात मजबुतीच्या नावाखाली एक नळी घालण्यापुरतेच असत. अधिकृत विक्रेत्यांचे गिऱ्हाईक तुटू लागताच त्यांना जनतेच्या सुरक्षिततेची काळजी वाटू लागली आणि १९८८ साली आयातीचा कायदा कडक झाला. हा इतिहास आपण अवश्य जाणून घ्यावा, कारण बंदरावर अडकलेल्या गाडीपुढे उभे राहून कायद्यामागचे व्यापारी हितसंबंध उलगडून दाखवता येतात. अधिकारी ते शांतपणे ऐकून घेतो आणि मग गाडीच्या निर्मितीचा महिना विचारतो.

या महिन्यापाशी थोडे थांबले पाहिजे. पंचवीस वर्षे ही मॉडेलच्या सालापासून मोजली जात नाहीत, विक्रीच्या दिवसापासूनही नाहीत, तर ती विशिष्ट गाडी कारखान्यातून ज्या महिन्यात तयार होऊन निघाली त्या महिन्यापासून मोजली जातात. जपानी निर्यात प्रमाणपत्रावर मात्र ठळकपणे असते ती पहिल्या नोंदणीची तारीख, आणि तीही अनेकदा जपानी शकात. म्हणजे १९९० साल तेथे ‘हेइसेई २’ असे लिहिलेले दिसते. जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेल्या पुष्कळ गाड्यांच्या ओळखपट्टीवर निर्मितीची तारीखच नसते, त्यामुळे चासी नंबरावरून कारखान्याच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात आणि काही अभ्यासू लोक तर सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या चिंधीवरचा महिना टॉर्च लावून वाचतात. आपण यातले काहीही करू नये. गाडी ‘नव्वद सालची’ आहे एवढे पुरे. ती ऑक्टोबरची निघाली आणि जहाज जूनमध्ये लागले, तर मधले महिने आपली गाडी कस्टम्सच्या आवारात काढील आणि तेथील जागेचे भाडे रोजच्या रोज वाढत जाईल. शिवाय पर्यावरण खात्याचा हिशेब वेगळाच आहे; त्यांना मूळ स्थितीतील एकवीस वर्षांची गाडी चालते. एका खात्याचा एकवीस आणि दुसऱ्याचा पंचवीस हे दोन्ही आकडे डोक्यात ठेवून त्यांची सरासरी काढावी.

वाट पाहण्याइतका धीर नसेल तर अधिकृत आयातदारामार्फत तरुण गाडीही आणता येते, असे कोणी सांगेल. ते खरे आहे. त्या प्रकारची गाडी स्वीकारण्याजोगी आहे हे आधी सरकारकडून ठरवून घ्यावे लागते, गाडीच्या किमतीच्या दीडपट हमी भरावी लागते आणि १२० दिवसांत तिचे दिवे, काचा, बंपर, सीटबेल्ट वगैरे मानकांत बसवून दाखवावे लागतात. स्कायलाइनच्या बाबतीत हा प्रयोग झालेला आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी आर-३३ गाड्या भिंतींवर आपटून त्यांची परीक्षा झाली आणि त्या परीक्षेच्या जोरावर तिच्या पुढच्या-मागच्या पिढ्याही पात्र ठरल्या. पुढे लक्षात आले की या पिढ्या परस्परांसारख्या नाहीत, आणि पात्रतेची व्याप्ती आखडती घेण्यात आली. थोरल्या भावाने परीक्षा दिली म्हणून धाकट्याला पदवी मिळाली होती, ती काढून घेतली, इतकेच.

आपण कोट्यधीश असाल तर ‘प्रदर्शनापुरती’ म्हणून गाडी आणण्याची सवलत आहे. बिल गेट्स यांची पोर्शे ९५९ दशकाहून अधिक काळ सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात राहिली होती आणि १९९९च्या सुमारास ही सवलत अमलात आल्यावर तशा गाड्यांचा मार्ग मोकळा झाला. अट एवढीच, की गाडी तांत्रिक किंवा ऐतिहासिक दृष्ट्या विशेष असावी आणि वर्षाकाठी २,५०० मैलांपेक्षा जास्त चालवू नये. जगातल्या अतिश्रीमंतांपैकी एकाला जेथे इतकी वर्षे थांबावे लागले, तेथे आपली ओळख एका क्लिअरिंग एजंटाच्या मेहुण्याशी आहे, ही जमेची बाजू विसरू नये.

राहिला धाडसी मार्ग. जुन्या गाडीची ओळखपट्टी काढून नव्या गाडीला लावणे आणि तिचे वय वाढवणे हा तो मार्ग होय. लँड रोव्हर डिफेंडरच्या चाहत्यांनी तो भरपूर चोखाळला. त्याचे फलित असे, की अमेरिकी अधिकाऱ्यांनी लोकांच्या अंगणांतून त्या गाड्या जप्त करून नेल्या आणि अशाच एका गाडीचा यंत्राखाली चुराडा होतानाचे चित्रीकरण सर्वांना पाहण्यासाठी प्रसिद्ध केले. आपल्या गाडीला एवढी प्रसिद्धी एरवी कोठून मिळणार?

गाडी एकदाची घरी आली की तांत्रिक बाबी सुरू होतात, आणि येथे सर्वाधिक उपेक्षा करण्याजोगी वस्तू म्हणजे हेडलाइट. अडाणी लोकांना वाटते की दिवा लागला म्हणजे झाले. वस्तुतः डिपरवर असताना दिव्याचा झोत सरळ कापल्यासारखा पडतो आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला तेवढा वर उचललेला असतो, जेणेकरून कडेचा पादचारी आणि फलक दिसावेत व समोरच्या चालकाचे डोळे दिपू नयेत. जपानी गाडी डावीकडून चालण्यासाठी बनलेली असल्यामुळे तिचा झोत डावीकडे उचललेला असतो. ती उजवीकडून चालणाऱ्या देशात नेली, की तोच उचललेला कोपरा बरोबर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. तपासणी केंद्रात दिव्यासमोर पडदा धरतात आणि त्यावर प्रकाशाची कड कोठे वळते हे शाळकरी मुलालाही कळेल इतके स्पष्ट दिसते. तरीही आपण काचेवर काळी चिकटपट्टी लावून पाहावी. ती दिव्याच्या उष्णतेने सुटून अर्धी लोंबू लागली म्हणजे तपासनीस तिच्याकडे, मग आपल्याकडे आणि मग पुन्हा तिच्याकडे पाहतो. या वेळी आपण एअर कंडिशनर सुरू करून दाखवावा.

ब्रिटनमध्ये असाल तर मागच्या फॉग लॅम्पची गोष्ट आहे. तो मधोमध किंवा चालकाच्या बाजूला असावा लागतो आणि तो लागला आहे हे डॅशबोर्डवर कळावे लागते. जपानी गाड्यांना तो बहुधा नसतोच. चारशे अश्वशक्तीपर्यंत फुगवलेल्या गाडीला एका लाल दिव्याअभावी परत पाठवणे हा अपमान आहे, असे ठणकावून सांगावे आणि दुसऱ्या दिवशी तो दिवा बंपरखाली तारेने बांधून आणावा. स्पीडोमीटर मैलांत हवा असे म्हणाले, तर किलोमीटरच्या आकड्यांवर कागदी आकडे चिकटवावेत. जपानी बाजारातल्या या गाड्या ताशी १८० किलोमीटरला आपणहून अडतात, ती अडवणूक मात्र सर्वप्रथम काढून टाकावी. स्पीडोमीटर नंतर पाहता येईल.

धुराच्या परीक्षेची तयारी म्हणून धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकावा, मोठा सायलेन्सर बसवावा, इंजिनाचा संगणक बदलावा आणि मूळ सामान भंगारवाल्याला देऊन टाकावे, कारण गॅरेजमध्ये जागा अडते. कॅलिफोर्नियात पंचवीस वर्षांची सवलत धुराला लागू पडत नाही आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गाडी तपासून घ्यावी लागते, हे कळल्यानंतर तेच मूळ सामान जपानहून पुन्हा मागवता येते. आणि त्या वेळी त्याची किंमत ऐकून आपण मूळ सामानाचे खरे मोल जाणणारे रसिक बनतो. ऑस्ट्रेलियात असाल तर गाडी जहाजावर चढवण्यापूर्वीच आयातीची परवानगी हातात असावी लागते आणि ब्रेकच्या अस्तरात किंवा गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नाही याची खात्री द्यावी लागते. ही परवानगी गाडी समुद्रात असताना मागितली, तर उत्तर गाडीच्या आधी पोहोचते, एवढे तरी समाधान आहे.

विम्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कंपनीच्या यादीत आपली गाडी सापडणार नाही. त्यातल्या त्यात जवळचे नाव निवडावे आणि अपघात झाल्यावर फरक समजावून सांगावा.

इतके सारे होऊनही गाडीला नंबरप्लेट मिळाली नाही, तर ती विकायला काढावी. जाहिरातीत छायाचित्रे संध्याकाळच्या उन्हातली द्यावीत, चिकटपट्टीचा दिवा चौकटीबाहेर ठेवावा आणि कागदपत्रांच्या रकान्यात ‘पूर्ण होण्याच्या मार्गावर’ असे लिहावे. किंमत आपण दिली त्याहून दीडपट सांगावी, कारण अशा गाड्यांचे भाव त्या कायदेशीर होण्याची तारीख जवळ येते तसे चढत जातात आणि ही तारीख नेमकी कोणती, हे विचारण्याची पद्धत गिऱ्हाइकांत नाही. जो कोणी पहिल्याच दिवशी फोन करून, गाडी न पाहता, आगाऊ रक्कम पाठवण्याची तयारी दाखवील, त्यालाच ती द्यावी. सीटबेल्टवरच्या चिंधीचा फोटो मागणाऱ्याला मात्र फोन पुन्हा करू नका असे सांगावे.