घामावरून ट्रेनर पारखू नका

पर्सनल ट्रेनर लावावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: तो लिहून ठेवतो का?

मागच्या वेळी किती वजन उचललं, शेवटचे दोन रेप्स (म्हणजे एकामागून एक उचलण्याच्या खेपा) कसे गेले, कुठला गुडघा कुरकुरला. याची नोंद ज्याच्याकडे नाही, तो आजचा व्यायाम मनाला येईल तसा ठरवतो. आणि ताकद अशी वाढत नाही. भार थोडा थोडा, मोजूनमापून चढवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना थॉमस डिलॉर्म या अमेरिकन डॉक्टरांनी हेच केलं आणि १९४५ मध्ये त्यावर लेख लिहिला. इतकी जुनी गोष्ट आहे ही!

तरी लोक कौतुकाने सांगतात, "आज ट्रेनरने पार वाट लावली." अहो, दमवायला काय अक्कल लागते? कुणालाही शंभर उड्या मारायला लावा, दमेलच. नवा व्यायाम केला की एक-दोन दिवसांनी अंग दुखतं ते सवय नसल्यामुळे. त्यावरून प्रगती कळत नाही. उलट नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी मरेस्तोवर पिदडलं, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली तर थेट डॉक्टर गाठा, ट्रेनरला फोन करत बसू नका.

चांगला ट्रेनर काय असतो, ते मला डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन वाकून उचलणं, शिकताना कळलं. वजनं लावायचा दांडा, बारबेल, राहिला बाजूला, आधी हातात आली एक साधी काठी. ती पाठीवर उभी धरायची. डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेली. वाकताना एक जरी जागा सुटली की थांबायचं. "ताई, कमरेतून नाही, खुब्यातून वाका. दोन्ही हातांत सामान असताना दार मागे ढकलतो ना, तसं." माझी पाठ गोल व्हायची आणि काठी माकडहाडापासून सुटायची. तो बाजूला उभा राहून बघत होता. नुसतं बघत होता, मोबाईल खिशात. काठी टेकून राहायला लागली तेव्हाच वजन मिळालं, तेही हलकं. आपण पैसे मोजतो ते या नजरेचे. आकडे मोजायला आपले आपण समर्थ आहोत.

ज्याने सुरुवातीलाच रक्तदाब, हृदय, जुनी दुखापत, चालू औषधं यांची चौकशी केली नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी उतरवून देतो म्हणणाऱ्याकडेही नाही, कारण चरबी अशी जागा निवडून जात नाही. आणि स्नायू फुगवणाऱ्या इंजेक्शनचा विषय काढणाऱ्याला तर तिथल्या तिथे रामराम.

प्रामाणिक ट्रेनर हेही सांगतो की पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था सरावल्यामुळे, आरशात फरक दिसायला वेळ लागतो. हे न सांगता महिन्याभरात कायापालट विकणारे पाहिले की माझा संताप होतो, कारण निराश होऊन लोक व्यायामच सोडतात.

साठी ओलांडलेल्यांना तर शिकवणारा माणूस हवाच. वयाबरोबर स्नायू झिजतात, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं जड जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस सांगितलाय, आणि त्यात ज्येष्ठही आले. तुमच्या आईला किंवा सासऱ्यांना एक किलोचे डंबेल देऊन कोपऱ्यात बसवलेलं दिसलं, तर त्या ट्रेनरला बेधडक विचारा: पुढच्या महिन्यात वजन किती वाढवणार आहात?