‘कितीही मोठी गाठ सुईने जळते’ हे खरं नाही

जळगाव-धुळे-नंदुरबारच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: ‘लिव्हरच्या कॅन्सरला आता ऑपरेशन नको, केमो नको. सुई टाकून गाठ जाळतात, कितीही मोठी असो. अर्ध्या तासात घरी. एकदा जाळली की परत होत नाही.’ उपचार खरा आहे, चांगलाही आहे. पण या मजकुराच्या भरवशावर पेशंट थांबून राहतो आणि तेवढ्यात गाठ सुईच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘कितीही मोठी असो.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. चांगला निकाल मिळतो तो साधारण 3 सेंटिमीटरपर्यंतच्या, संख्येने मोजक्या गाठींत. गाठ तेवढीच जाळून भागत नाही, भोवतालचं निरोगी यकृतही 5 ते 10 मिलिमीटर जाळावं लागतं. 3 सेंटिमीटरच्या गाठीला चहूबाजूंनी 1 सेंटिमीटर धरलं तर 5 सेंटिमीटरचा गोळा, म्हणजे सुमारे 65 मिलिलिटर. 5 सेंटिमीटरच्या गाठीला हाच हिशेब लावला तर 180 मिलिलिटर. एवढ्यासाठी सुई अनेकदा टोचून गोळे एकमेकांवर चढवावे लागतात, आणि दोन गोळ्यांच्या मधल्या खाचेत पेशी जिवंत राहू शकतात.

मग मशीनची ताकद वाढवली तर? भरताचं वांगं भडक आगीवर धरलं की साल कोळसा होते आणि देठाजवळचा गर कच्चा राहतो, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. रेडिओफ्रीक्वेन्सीत, म्हणजे सुईतून वीज सोडून गाठ तापवण्याच्या पद्धतीत, तसंच होतं. तापमान 60 ते 100 अंशांत ठेवायचं असतं. त्यावर गेलं की ऊतीतलं पाणी उकळतं, सुईभोवती कोळसा धरतो, विजेला अडथळा वाढतो आणि उष्णता बाहेर सरकतच नाही. शिवाय 3 मिलिमीटरपेक्षा जाड रक्तवाहिनी गाठीला चिकटून असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि नेमकी तीच कड कच्ची राहते. मायक्रोवेव्हमध्ये (सुईतून सूक्ष्मलहरी सोडून तापवण्याच्या पद्धतीत) हा त्रास कमी असतो, पण पूर्ण जात नाही. गाठ आतड्याला किंवा मुख्य पित्तनलिकेला लागून असली तर धोका वेगळाच. आतडं दूर सारायला मध्ये द्रव सोडतात (रेडिओफ्रीक्वेन्सीत 5 टक्के डेक्स्ट्रोज; सलाईन चालत नाही, कारण त्यातून वीज वाहते). पित्तनलिका मात्र अशी बाजूला सारता येत नाही.

‘ऑपरेशन नको, केमो नको.’ कुणाला काय लागेल ते गाठ कुठून आली यावर ठरतं. सिरॉसिस झालेल्या (व्रण धरून कडक झालेल्या) यकृतात उगवलेली लहान गाठ असेल तर जाळणं हा मुख्य उपचार होऊ शकतो. आतड्याच्या कॅन्सरमधून आलेल्या गाठींत सुई फक्त दिसणारी गाठ मारते. रक्तातून पसरलेल्या पेशींसाठी केमो लागेल की नाही, तो निर्णय वेगळा.

‘अर्ध्या तासात घरी.’ एक गाठ जाळायला 5 ते 15 मिनिटं लागतात हे खरं, पण भूल, सोनोग्राफी किंवा सीटीवर सुईची जागा पक्की करणं आणि बाहेर काढताना सुईची वाट जाळणं (रक्तस्राव थांबावा, पेशी वाटेत सांडू नयेत म्हणून) यात वेळ जातो. पुढचे काही तास पोटात रक्तस्राव होतो का हे पाहावं लागतं. त्याच रात्री नाशिकहून धडगावकडे घाट चढणारी गाडी पकडू नका, एक रात्र दवाखान्यात काढा. नंतर काही दिवस कणकण आणि थकवा चालतो. थंडी वाजून मोठा ताप आला किंवा ताप आठवड्याहून लांबला तर मात्र पू झालेला असू शकतो, लगेच दाखवा.

‘परत होत नाही.’ जळलेली गाठ पूर्ण मेली तरी सिरॉसिसचं यकृत तेच राहतं आणि दुसऱ्या जागी नवी गाठ येऊ शकते. महिन्याभराने सीटी किंवा एमआरआय, मग पहिली दोन वर्षं साधारण दर 3 महिन्यांनी. पहिल्या सीटीत जळलेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसतो. गाठ वाढली म्हणून घाबरू नका. तो तसा मोठाच दिसायला हवा, फक्त त्यात कॉन्ट्रास्ट (सीटीच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) शिरता कामा नये.

सल्ल्याला जाताना प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), बिलिरुबिन, अल्ब्युमिन (यकृताचं काम दाखवणाऱ्या चाचण्या), एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठीची रक्तचाचणी) हे रिपोर्ट आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी न्या. गोळ्या मनाने बंद करू नका. सीटीची सीडी अवश्य न्या. मोबाईलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून गाठ जाळण्याजोगी आहे की नाही हे ठरत नाही.