मानमोडी कोणत्या गाडीनं आली?

पप्या मेडिकलवाला लागोपाठ तीनदा शिंकला, तेव्हा सरांनी आपला कप उचलला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

"व्हायरल आहे हो सर. दुकानात दिवसभर तेच गिऱ्हाईक."

विषय इथेच मिटला असता. पण आमचे सर इतिहासाचे, तेही निवृत्त. शाळेत निदान घंटा तरी व्हायची.

"१९१८ सालीही असाच कुणीतरी मुंबईहून शिंकत गाडीत बसला असेल," सर म्हणाले. "इथे भुसावळला उतरून चहा प्यायला असेल. आणि तिथून मानमोडी, म्हणजे ती फ्लूची साथ, निघाली वऱ्हाडात, नागपुरात."

गार्डकाकांनी बिडी खाली ठेवली. तेहतीस वर्षं त्यांनी गाडीच्या मागच्या डब्यात उभं राहून काढली आहेत. रेल्वेला कुणी काही बोललं की त्यांना ते सोयरिकीतल्या माणसाला बोलल्यासारखं लागतं.

"म्हणजे रेल्वेनं मारली माणसं?"

"रेल्वेनं पोचवली म्हणतोय मी. मारली नाही म्हणत."

मग सरांनी सगळं सांगितलं. जून १९१८. मुंबई बंदरावर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई १० तारखेला तापानं आडवे झाले. हिवताप नव्हता. महायुद्ध चालू होतं, फौजेची जहाजं येत-जात होती. मुंबईचे आरोग्य अधिकारी टर्नर म्हणाले, साथ मेअखेरच्या जहाजावरून आली. वरचं सरकार म्हणालं, जहाजावरच्यांनाच ती तुमच्या मुंबईत लागली. "आपल्याकडे साथ आली की आधी हेच ठरवायचं असतं, ती कुणाची!" सर म्हणाले. जूनची लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली, ती माणसं घेऊन गेली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू.

"बरं," काका म्हणाले. ते 'बरं' असं म्हणाले की समोरच्यानं सावध व्हावं. "मुंबईहून गाडी नागपूरला जात होती, तशी पुढे हावड्यालाही जात होती. तेच रूळ, तेच डबे. मग बंगालात माणसं कमी का दगावली? इंजिनानं वऱ्हाडात मुद्दाम जास्त सोडली काय?"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत, कारण मुद्दा बिनतोड होता. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड सगळ्यात जास्त पोळले, पूर्वेकडे मार कमी बसला, हे त्यांनाही मान्य होतं. दोनशेवर जिल्ह्यांचे आठवड्या-आठवड्याचे मृत्यूचे आकडे लावून अभ्यासकांनी पाहिलंय म्हणे. साथ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली, तसतशी तिची धार बोथट होत गेली.

"पण धार बोथट झाली म्हणून भागत नाही," सर म्हणाले. "त्या वर्षी पाऊसच दगा देऊन गेला. दख्खनात, खानदेशात खरीप हातचं गेलं. धान्याचे भाव चढले. उपाशी अंगात ताप शिरला, की त्याचा न्युमोनिया व्हायला वेळ लागत नाही."

"तेच तर म्हणतोय!" काका उसळले. "दुष्काळानं मारलं, नाव रेल्वेचं. गाड्या बंद ठेवल्या असत्या तर परगावचं धान्य काय बैलगाडीनं आणलं असतं? मालगाडी शिंकत नाही सर."

पप्याचं म्हणणं वेगळंच. प्लेगच्या वेळी स्टेशनांवर उतारू तपासायचे, तसं करायला काय हरकत होती? यावर सर म्हणाले, प्लेगमध्ये पुण्याला घरात घुसून झडत्या घेतल्या, त्याचं पर्यवसान २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडण्यात झालं. पुन्हा तसं अंगावर घ्यायची सरकारची छाती नव्हती, आणि डॉक्टर निम्मे लढाईवर. पण मला पप्याचा प्रश्नच चुकीचा वाटतो. फ्लूत ताप चढायच्या आधीच माणूस दुसऱ्याला देऊन बसतो. बोरीबंदरला ठणठणीत चढलेला गडी नागपूरला कण्हत उतरणार. कल्याणला त्याचा हात धरून काय कळणार होतं? फ्लू विषाणूनं होतो हेच ठाऊक नव्हतं. माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ साली. तोवर डॉक्टर एका जिवाणूच्या मागे लागलेले.

"आणि मेले किती?" मी विचारलं.

"सव्वा कोटी धर, नाहीतर पावणेदोन कोटी. हिशेब करणारा बदलला की आकडा बदलतो. मोजणारे तलाठी-कोतवालसुद्धा आजारीच होते. पण १९११ आणि १९२१ च्या खानेसुमाऱ्या शेजारी ठेव. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. असं त्या एकाच दशकात झालंय."

पप्या मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "यात म्हातारे नाहीत हो फारसे. वीस ते चाळीसवाले जास्त. आणि आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त. हे कसं काय?"

इतका वेळ वहिनी गाळणी आपटत होत्या. टपरी त्यांची, त्यामुळे वादात पडत नाहीत. त्या दिवशी पडल्या.

"घरात सगळे आजारी पडले तर उशाशी कोण बसतं? आणि भाकरी कमी असली तर शेवटी जेवतं कोण? यात कसं काय काय आहे?"

कुणी काही बोललं नाही. काकांनी विझलेली बिडी पुन्हा पेटवली.

मग सरांनीच आणखी एक आकडा काढला. मुंबईत दर हजार माणसांमागे मृत्यू मोजले, तेव्हा युरोपियनांत ८.३ निघाले, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना सरकारी कागदात खालच्या जातीचे हिंदू म्हटलं होतं त्यांच्यात ६१.६. शहर एक, ताप एक. "काका, यात तुमच्या रेल्वेचा काही संबंध नाही, हे मी लिहून देतो," सर म्हणाले.

काकांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"माझ्या आजीच्या तोंडी होता तो शब्द, मानमोडी," ते म्हणाले. "लहानपणी आम्ही दंगा केला की म्हणायची, मानमोडी येईल तुम्हाला. आम्हाला वाटायचं बागुलबुवासारखंच काहीतरी. तिचे दोन भाऊ त्यात गेले, हे ती वारल्यावर कळलं. एक रेल्वेत होता. फायरमन."

"कोणत्या लाइनला?" सरांनी विचारलं.

"नागपूर."

तेवढ्यात पप्याला पुन्हा शिंक आली. या वेळी त्यानं कोपरात तोंड खुपसलं. वहिनींनी त्याचा कप बाकीच्यांच्या कपांत न ठेवता बाजूला काढला आणि त्यावर किटलीतलं उकळतं पाणी ओतलं.