लाईट आली, नेट गेलं

सोलापूरच्या उन्हाळ्यात लाईट जाणं नवीन नाही. गेली की घामाच्या धारा, आणि आली की आईची हाक: "अरे, ते तुझं डबडं बघ की आधी, नेट चालंना!"

डबडं म्हणजे रास्पबेरी पाय, एक छोटासा कॉम्प्युटर. त्यावर पाय-होल टाकलंय, जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर. घरातले फोन प्रत्येक साइटचा पत्ता त्यालाच विचारतात; जाहिरातवाल्या सर्व्हरचा विचारला की ते ०.०.०.० असा खोटा पत्ता सांगून वाटेला लावतं. छान चालतं हो. पण अचानक लाईट गेली की कधीमधी मेमरी कार्डच रुसतं. पत्ते सांगणाराच आडवा पडला, मग अख्ख्या घराचं नेट आडवं!

मित्र म्हणतो, राउटरमध्ये दुसरा डीएनएस, म्हणजे पत्ते सांगणारा, गूगलचा ८.८.८.८ टाक. टाकला होता की! पण तो काय स्टेपनी नाही, पंक्चर झाल्यावरच लागणारा. फोन वाटेल तेव्हा त्यालाच विचारतो, आणि जाहिराती मागच्या दाराने घरात.

त्यात बाबा: "मग यूट्यूबवर भजनाच्या मधेच जाहिरात कशी येते रे?" अहो बाबा, जाहिरात आणि भजन एकाच सर्व्हरवरनं येतात, एक अडवलं की दुसरंही बंद. दहादा सांगितलं. तर म्हणे, "मग उपयोग काय तुझ्या डबड्याचा?"

वहिनीचं वेगळंच. गूगलवर सगळ्यात वर आलेली सेलची लिंक उघडत नाही. अहो, तीच जाहिरात आहे!

परवा रात्री घरी आलो तर डबड्याची वायर काढलेली. तिथे मोबाईल चार्जिंगला.